यादीत नसलेली दशमी

बाळाचं वजन करायचं तर आधी काटा शून्यावर आहे का ते बघायचं. मग दुपटं ठेवायचं, पुन्हा शून्य करायचं आणि मगच बाळ. हे मला शालनमावशींनी पहिल्याच दिवशी शिकवलं. "शून्य चुकलं की पुढचं सगळं चुकतं गं," असं त्या म्हणाल्या होत्या. लहान मुलांच्या या दवाखान्यात त्या वीस वर्षं आहेत. मला जेमतेम तीन वर्षं झालीत. म्हणून एका दिवाळी अंकानं कामाचे अनुभव लिहून मागितले, तेव्हा मी त्यांचंच नाव पुढं केलं. त्या म्हणाल्या, "मला नको लिहायला लावू. मी खरं लिहीन." शेवटी मी लिहायला बसले. मीही खरंच लिहायचं ठरवलंय, पण जरा बिचकत.

मी नातेपुत्याजवळच्या एका वस्तीवरची. घरी चार म्हशी, आणि घर चालतं ते त्यांच्यावर. कॉलेजात पाऊल टाकलेली घरातली मी पहिलीच. सोलापुरात खोली घेऊन राहते, सकाळी कॉलेज करते आणि दुपारी चार वाजता दवाखान्यात येते. माझं काम साधं आहे. नंबर द्यायचा, वजन करायचं, ताप बघायचा, काय होतंय ते विचारून केसपेपरवर लिहायचं आणि कागद आत मॅडमकडं न्यायचा. मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टर.

ऐकायला सोपं वाटतं. पण तान्हं बाळ बोलत नाही, आणि त्याच्या वतीनं घरातले सगळे एकदम बोलतात. आई म्हणते चार दिवस झाले, आजी म्हणते जन्मल्यापासून, आणि बाप मोबाईल पुढं करतो. एका बापानं बाळाच्या खोकल्याचं रेकॉर्डिंग आणलं होतं, त्यात खोकल्यापेक्षा टीव्हीचाच आवाज जास्त. एक आजोबा नातवाचं वजन चांदीच्या वाळ्यांसकट करायला लावायचे, आणि मग "वाळ्यांचं वजा नका करू, त्ये त्याचंच हाय," म्हणायचे. या सगळ्यांतून नेमकं काय झालं ते वेचून दोन ओळींत लिहायचं. ते मला अजूनही नीट येतं असं नाही.

एक नियम मात्र पाठ आहे. बाळाचा चेहरा किंवा ओठ सुजलेत, श्वास लागलाय, उलट्या थांबत नाहीत, बाळ मलूल पडलंय, असं काही दिसलं तर नंबर विचारायचा नाही. थेट आत न्यायचं. बाकीच्यांनी आरडाओरडा केला तरी चालेल.

भाग्यश्रीवहिनी आल्या तेव्हा तसं काही नव्हतं, म्हणून त्यांना नंबर घेऊन थांबावं लागलं. त्या कुंभारीत राहायच्या, सासर मूळचं अक्कलकोटकडचं. बाळ अडीच महिन्यांचं, नाव वीरेश, आणि निव्वळ अंगावर पिणारं. बरोबर सासू होत्या, महादेवीआजी. आजींनी कनवटीची पुडी सोडली, चिमूटभर विभूती आधी माझ्या काट्याला लावली आणि मगच बाळ ठेवू दिलं. काट्यानं तरीही चांगला आकडा दाखवला नाही. बाळ वाढलं होतं, पण जेवढं वाढायला हवं तेवढं नाही. दोन्ही गाल लालसर आणि खरखरीत होते.

मग वहिनींनी पिशवीतून घडी घातलेलं लंगोट काढलं आणि मान खाली घालून माझ्यापुढं धरलं. शीमध्ये चिकट शेंबडासारखं काहीतरी, आणि त्यात रक्ताचे बारीक दोरे.

"पंधरा दिस झाले ओ ताई," त्या म्हणाल्या. "पितंय, आन मग पाय पोटाशी घेऊन रडतंय."

"हिचं दूधच लागंना त्याला," आजी म्हणाल्या. "दूध नासलंय. शेळीचं सुरू करायचं का, तेवढं इचार डाक्टरबाईला."

मॅडमनी बाळाला नीट तपासलं. शीच्या जागी कुठं चिरलंय का ते बघितलं आणि शीची तपासणी करून घेतली. जंतू निघाले नाहीत. तेव्हा त्यांनी दोघींना समोर बसवून सांगितलं, आणि मी कागद धरून उभी होते म्हणून मलाही ते कळलं. काही बाळांना गाई-म्हशीच्या दुधातलं प्रोटीन सोसत नाही. आई जे दूध-दही खाते, त्यातलं ते प्रोटीन थोडंसं तिच्या दुधातून बाळाच्या पोटात जातं, तिथं आतड्याला सूज येते आणि रक्त दिसतं.

"आईचं दूध नासत नसतं, आजी," मॅडम म्हणाल्या. "आणि शेळीचं अजिबात नको. गाय काय, म्हैस काय, शेळी काय, या बाबतीत सगळ्या सख्ख्या बहिणी. बाळाला अंगावरच पाजायचं. दूध सोडायचं ते आईनं."

वहिनींनी दोन ते चार आठवडे दुधाचं काहीही खायचं नाही असं ठरलं. त्यांच्या हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या, शिवाय नाचणी आणि तीळ. फरक पडला तर पुढं मॅडम सांगतील तेव्हा थोडं दूध घेऊन बघायचं. पुन्हा त्रास झाला तर निदान पक्कं. मॅडमनी हेही सांगितलं की शी कशीही झाली की लगेच दूध सोडायचं, असं मनानं कुणी करू नये. रक्त दिसण्याची कारणं बरीच असतात.

मला हे सगळं विचित्र वाटत होतं. म्हशींच्या दुधावर वाढलेली मी, आणि 'दूध बंद' असं माझ्याच अक्षरात लिहीत होते. खोलीवर आल्यावर बाबांना फोन करून विचारलं, "बाबा, दुधानं कुणाला त्रास होतो का हो?"

बाबा म्हणाले, "पाणी घातलं आसंल."

वहिनींसाठी मी एक यादी केली. मॅडमची छापील यादी इंग्रजीत होती. मी एका कागदावर ठळक अक्षरात मराठीत लिहिलं: दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा, पेढा, पनीर, आईस्क्रीम, दुधाचा चहा, बिस्किटं, चॉकलेट. पाकिटावर काय वाचायचं तेही लिहिलं. मॅडमनी बघून मान हलवली आणि म्हणाल्या, "छान केलंस. एक भिंतीलाही लाव." त्या दिवशी मी दोनतीनदा भिंतीकडं वळून बघितलं. कुणी चहा घ्यायला बोलावलं असतं तर चहातलं दूध दाखवून त्यालाही यादी समजावली असती, अशी माझी अवस्था होती.

सोळा दिवसांनी त्या परत आल्या. आठवडाभर रक्त अजिबात नव्हतं, गाल मऊ पडले होते आणि वजन असं वाढलं होतं की मी काट्याचं शून्य पुन्हा तपासलं. आजींनी काट्याला दुसऱ्यांदा विभूती लावली. वहिनी मात्र वाळल्या होत्या. त्यांच्याकडं जेवण म्हणजे कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर दही. दही गेलं, आणि चटणी तेलात कालवून खाण्यावर दिवस आले.

"कोरडी कडक भाकरी किती खायाची ओ ताई?" आजी औषधं घ्यायला गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या. "बाळाला दात यायच्या आधी माजे पडतील."

त्या तिथूनच माहेरी जाणार होत्या. मला त्यांची कणव आली. त्या दिवशी सोमवार होता. दर सोमवारी माझी आई ओळखीच्या कंडक्टरकडं एसटीनं माझ्यासाठी डबा पाठवते. फडक्यात बांधलेल्या सहा दशम्या असतात, ज्वारीच्या, चार दिवस मऊ राहणाऱ्या. मी ते फडकंच्या फडकं वहिनींच्या हातात दिलं.

त्यांनी एक दशमी चिमटीत धरून बघितली. "लई मऊ हाय की तुमच्याकडली भाकरी! ह्यात दूधबीध न्हाय न्हवं?"

"छे हो," मी म्हणाले. "ज्वारीची भाकरीच ती. बिनधास्त खा."

त्यांनी विचारलं होतं, आणि मी नाही म्हटलं होतं. हे लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

पुढच्या सोमवारी त्या नंबर न घेता आल्या. पुन्हा लंगोट, पुन्हा रक्ताचे दोरे. आजींचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत जात होता.

"चोरून च्या पिली आसंल म्हायेरात! तिकडं कोन बगतंय? लेकरापरीस च्या मोठा झाला!"

"न्हाय ओ अत्ती." सासूला त्या अत्ती म्हणायच्या. त्यांनी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला. "ह्याच्यावर हात ठेवून सांगते. एक थेंब घेटला न्हाय."

आजींनी तोंड फिरवलं.

मॅडमनी आत घेतलं आणि गेल्या आठवड्यात काय काय खाल्लं ते एकेक करून विचारलं. लिहीत होते मी. कडक भाकरी, शेंगाची चटणी तेलातली, आमटी, भात, नाचणीची आंबील पाण्यातली.

"आन ताईंनी दिल्याली भाकरी," वहिनी म्हणाल्या.

मी 'भाकरी' लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेले.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. "यात तर काहीच नाही. इतकं पाळूनही परत रक्त येत असेल तर कारण दुसरं असू शकतं. मी पोटाच्या मोठ्या डॉक्टरांशी बोलते. कदाचित पुण्याला दाखवावं लागेल. त्यांनी सांगितलं तर तोवर काही दिवस अंगावरचं थांबवून खास पावडरवर ठेवावं लागेल."

"बगा!" आजी म्हणाल्या. "मी म्हनलंच हुतं. हिचं दूधच वंगाळ."

वहिनींनी पदर ओढून बाळाला झाकून घेतलं, जणू कुणी आत्ताच काढून नेणार होतं. मॅडमनी त्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

गर्दी नव्हती. औषधांच्या कपाटामागं आम्ही चहा घेतो, तिथं मी डबा उघडला. त्या दिवशीच्या ताज्या दशम्या होत्या. एक मोडली. दशमीची कड चिरत नाही, ती कापसासारखी उलते. वहिनींचं ते वाक्य आठवलं, लई मऊ हाय की. आणि मग आमच्या चुलीपुढची परात डोळ्यांपुढं आली. परातीत पीठ, आईचे हात, आणि शेजारी तांब्या. लहानपणापासून बघितलेला तो तांब्या. त्यात पाणी कधीच नसायचं.

तरी खात्री करायला मी फोन केला. "आई, दशमीत पाणी किती घालतीस?"

"पानी?" आई म्हणाली. "दशमीत पानी कोन घालतंय? समदं दुदातच मळत्यात. का गं, नासली का काय?"

आमच्या घरात दूध म्हणजे जे डेअरीला जातं ते, नाहीतर पेल्यात असतं ते. पिठात गेलं की ती भाकरी. मला एकदाही ते दूध वाटलं नव्हतं. आणि यादी मी केली होती.

शालनमावशींना सांगितलं. त्यांनी आधी माझा दंड धरला. "गप बस. मॅडम कामावरनं काढतील. थोड्या दिवसांनी आपोआप थांबंल रक्त, कुणाला कळणार हाय?"

खरं सांगायचं तर काही क्षण मला ते पटलंही होतं. मग मावशींनीच पडद्याच्या फटीतून बाहेर बघितलं. वहिनी भिंतीकडं तोंड करून बाळाला पाजत होत्या, आणि आजी दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या होत्या.

"शून्य चुकलंय तुझं," मावशी म्हणाल्या. "जा. सांग."

मी आत गेले तेव्हा मॅडमच्या हातात फोन होता. मी म्हटलं, "मॅडम, फोन करू नका. दूध मी दिलं." मग सगळं सांगितलं. दशमी, फडकं, त्यांचा प्रश्न, माझं उत्तर. मॅडमनी मला आधी बसायला सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत. किती दशम्या, किती दिवस पुरल्या, शीत रक्त कोणत्या दिवशी दिसलं, एवढंच विचारलं आणि कागदावर लिहून घेतलं. सहा दशम्या, चार दिवस, आणि रक्त तिसऱ्या दिवशी. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात मी स्वतःच तिला थोडं दूध घ्यायला सांगणार होते. दूध बंद केल्यावर थांबलं, दिल्यावर परत आलं, हे बघितल्याशिवाय निदान पक्कं होत नाही. ती परीक्षा तू मला न विचारता घेऊन टाकलीस."

मी खुर्चीवरून उठून उभी राहिले.

"निदान पक्कं झालं," त्या म्हणाल्या. "पुणंही नको, पावडरही नको. पण यापुढं माझ्या दवाखान्यात कुठल्याही आईला तू काही खायला द्यायचं नाहीस. आणि हे त्यांना मी सांगणार नाही. तू सांगायचं."

दोघींना आत बोलावलं. मी वहिनींपुढं उभी राहिले. "वहिनी, तुम्ही मला विचारलं होतं. मी नाही म्हणाले. दशमीचं पीठ दुधात मळतात. तुम्ही काही चोरून घेतलं नाही. चूक माझी आहे."

"दुदात? पीठ?" आजींनी हनुवटीला हात लावला. "यव्वा! आमी पान्यात मळतो आन वाळिवतो. दुदात कोन मळतंय गं?"

"आमच्याकडं मळतात," मी म्हणाले.

वहिनींनी माझ्याकडं बघितलंच नाही. त्या मॅडमकडं बघत होत्या. त्यांनी एकच विचारलं, "म्हंजे माजं दूध चांगलं हाय न्हवं?"

"चांगलंच आहे," मॅडम म्हणाल्या. "पाज त्याला."

तेव्हा त्या रडल्या. आजी उठल्या. त्यांनी सुनेची माफी वगैरे मागितली नाही. कनवटीची पुडी सोडली, आणि एरवी काट्याला नि नातवाला लागणारी विभूती सुनेच्या कपाळाला लावली, अंगठ्यानं, चांगली ठळक. मग माझ्याकडं वळल्या.

"तुजी आई दिलदार हाय की पोरी," त्या म्हणाल्या. "तू कॉलेजात जाऊन बिगडलीस."

मावशी दारात उभ्या होत्या, त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले, डोळे पुसत.

पुढच्या दोन आठवड्यांत बाळाची शी पुन्हा स्वच्छ झाली. गाल मऊ झाले आणि वजनाची रेघ कागदावर वर चढू लागली. मला कामावरून काढलं नाही. पण मी विचारायची पद्धत बदलली. आता मी कुणाला "दूध घेता का?" असं विचारत नाही. पीठ कशात मळता, फोडणी कशाची, वर काय घेता, प्रवासाला बरोबर काय नेता, असं विचारते. भिंतीवरच्या यादीत शेवटी 'दशमी' लिहिलं, वेगळ्या शाईत. मग बाकांवर बसलेल्या बायकाच सांगायला लागल्या. एक म्हणाली धपाट्यात ताक असतं. दुसरी म्हणाली बेसनाच्या लाडवावर आम्ही दुधाचा हबका मारतो. यादी कागदाच्या पाठीमागं गेली. तिच्याकडं बघून आता मला अभिमान वाटत नाही, जरा भीतीच वाटते. अजून काय राहिलं असेल कोण जाणे.

एक सल आहेच. त्या दिवसांत बाळाला जे दुखलं ते माझ्यामुळं. निदान पक्कं झालं हे खरं, पण ते मी ठरवून केलेलं नव्हतं. मॅडमचं मोठं मन म्हणून माझ्या चुकीला त्यांनी परीक्षा म्हटलं.

वीरेश वर्षाचा झाल्यावर मॅडमनी पायरीपायरीनं दूध सुरू करायचं ठरवलं. बहुतेक मुलांना ते पुढं सोसायला लागतं, पण घरी मनानं करायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. आधी दूध घातलेल्या, भाजलेल्या बिस्किटाचा कण, मग तुकडा, मग अख्खं. काही झालं नाही. मग मॅडमनी केसपेपर चाळला, जुन्या पानावर थांबल्या आणि म्हणाल्या, "पुढची पायरी दशमी. इथं येऊन भरवा."

ठरल्या दिवशी तिघं आली. आजींनी सवयीनं काट्याला विभूती लावली. वहिनींनी डब्यातून दशमी काढली, माझ्या आईला फोनवर विचारून त्यांनी स्वतः केलेली. बोटाएवढा तुकडा वीरेशच्या हातात दिला. त्यानं तो आधी कपाळाला लावला, मग नाकाला, मग तोंडात घातला. मॅडमनी त्यांना दोन तास बसवून ठेवलं. मी दर थोड्या वेळानं त्याचे ओठ, गाल, पोट बघत होते. तो माझ्या काट्याची वायर ओढण्यात गुंग होता. शी पुढचे काही दिवस बघायची होती. ती वहिनींनी रोज फोनवर कळवली, न विचारता, सविस्तर. सगळ्या चांगल्या.

त्या दिवशी निघताना वहिनींनी फडक्यात बांधलेल्या सहा दशम्या माझ्या टेबलावर ठेवल्या. "ह्या तुमच्या परत."

मी एक मोडली. तोंडात घालणार, तेवढ्यात सवयीनं विचारलं, "वहिनी, पीठ कशात मळलंय?"

"दुदात की ओ ताई!" त्या म्हणाल्या, इतक्या मोठ्यानं की बाकांवरच्या सगळ्या आयांनी वर बघितलं. "एक थेंब पानी न्हाय. खावा!"